छातीवरच्या रेघा

माझ्या पोळ्या चामट होतात, हा शोध आमच्या घरात लग्नाला पस्तीसेक वर्षं उलटल्यावर लागला. ह्यांचा घास घशाखाली उतरत नव्हता आणि दोष पोळीचा. आधी पाण्याचा घोट घेऊन घास ढकलायचे. मग म्हणायला लागले, "कणीक नीट मळत जा." मी मळली. मग म्हणाले, "गिरणी बदल." मी गिरणी बदलली, धायरीतली जवळची सोडून लांबून दळून आणायला लागले. मग पोळी वरणात कुस्करून झाली, तिच्यावर तूप झालं, मग मऊ भात झाला. भातही छातीत अडकायला लागला तेव्हा एके दुपारी हे जेवता जेवता उठून बेसिनपाशी गेले आणि सगळं परत आलं. तरी तोंड पुसत म्हणतात कसे, "तांदूळ जुना नाही दिसत." मी ताट उचललं आणि म्हटलं, "उद्या डॉक्टरकडे जायचं. तांदूळही घेऊ बरोबर, तपासून आणू."

दुर्बीण आत घातली तेव्हा माझ्या पोळ्या निर्दोष सुटल्या. अन्ननलिकेत, छातीच्या साधारण मध्यावर, गाठ होती. तिचा तुकडा तपासायला गेला आणि कॅन्सर म्हणून परत आला. ह्यांची फुप्फुसं सिगारेटींनी आधीच खाऊन ठेवलेली, त्यामुळे एवढं मोठं ऑपरेशन सोसणार नाही असं डॉक्टर म्हणाले. उरलं रेडिएशन, आणि जोडीला आठवड्यातून एकदा सलाइनमधून औषध. "गाठ गेली तर तोंडानं जेवतील. नाही गेली तर पोटातून नळी घालावी लागेल, आणि मग पुढचं पुढे," असं त्यांनी सांगितलं. सांगितलं माझ्याकडे बघून, ज्याचं पोट त्याच्याकडे नाही, आणि मला तिथल्या तिथे राग आला. त्या काळात मला राग फार सोपा जायचा. रडायला बसलं की हातातली कामं राहतात, रागावून ती भराभर होतात.

रेडिएशन सुरू करण्याआधी ह्यांना टेबलावर निजवून स्कॅन काढला आणि छातीवर जांभळ्या शाईनं रेघा मारल्या. मधोमध एक उभी, तिला छेदणारी एक आडवी, आणि दोन्ही कुशींवर एकेक फुली. रोज मशीनखाली झोपवलं की भिंतीतून येणारे लाल किरण या रेघांवर जुळवायचे, म्हणजे रेडिएशन गाठीवर पडतं, शेजारच्या फुप्फुसावर किंवा हृदयावर नाही. मशीन चालवणारी मुलगी तिशीची होती, चटपटीत. ती म्हणाली, "काका, या लाइन्स म्हणजे आपला ॲड्रेस आहे. साबण नाही, तेल नाही, घासायचं नाही. फेड झाल्या तर आम्हाला सांगायचं, आम्ही डार्क करू. ओके?"

ह्यांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "रेघ जाड मारली आहे. शाई पसरलीये."

हे एका कारखान्यात आयुष्यभर ड्राफ्ट्समन होते. यंत्रांच्या भागांचे नकाशे काढायचे. रेघ म्हटली की जगात ह्यांच्याशिवाय कोणाला काही कळत नाही, हे आमच्या घरात न बोलता मान्य होतं. माझ्या रांगोळीलाही मार्क मिळायचे. पण एक खरं, त्या रेघा ह्यांनी जिवापाड सांभाळल्या. आंघोळ बंद, नुसतं ओल्या पंच्यानं अंग पुसणं, तेही रेघांच्या कडेकडेनं. सैल सुती सदरे. उकडलं तरी पंख्याखाली हात पसरून बसायचे, कुशी घामेजू नयेत म्हणून. एवढं जपणं माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. तसं मी बोलूनही दाखवलं.

हॉस्पिटलच्या तळघरात रोज तासभर बसावं लागायचं. तिथे मार्केट यार्डातले एक कांद्याचे अडते यायचे, ह्यांच्याच वयाचे, ह्यांच्याच दुखण्याचे. आवाज बसलेला, गळ्यात सोन्याची चेन, पायात कोल्हापुरी. एकदा ते गाळ्यावरून घामाघूम होऊन घरी गेले आणि सवयीनं अंगावर पाणी घेतलं, त्यात रेघा गेल्या. टेक्निशियननं त्यांना परत पाठवलं, स्कॅनला पुन्हा नंबर लावा म्हणून. बाकावर येऊन बसले तर ह्यांनी त्यांना धरलं.

"अहो, चार रेघा सांभाळायच्या होत्या. गोण्या नव्हत्या उचलायच्या."

"चुकलं साहेब. ध्यानातच राह्यलं नाय."

"ध्यानात नाही राहिलं? डॉक्टर सांगतात एक दिवसही खंड पडू देऊ नका, आणि तुम्ही न्हाऊन येता. स्वतःच्या जिवाशी खेळ आहे हा."

अडते हात जोडून बसले होते. मला ते बघवेना. मी म्हटलं, "पुरे. तुमचा वर्ग सुटला आता." मी शाळेत गणित शिकवायचे, निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त झालेला नाही, आजूबाजूचे दोघे-चौघे हसले. पण अडत्यांना राग आला नाही. त्या दिवसापासून ते ह्यांच्याजवळची जागा धरायला लागले. सदऱ्याची गुंडी काढून विचारायचे, "बघा हो साहेब, दिसतायत ना?" आणि हे चष्मा नाकावर घेऊन तपासायचे.

तिसऱ्या आठवड्यापासून हाल सुरू झाले. आतून अन्ननलिका भाजल्यासारखी झाली. पाण्याचा घोट घेतला तरी हे डोळे घट्ट मिटायचे आणि खुर्चीचा हात धरायचे. लाळ चिकट, दोरीसारखी. जवळ स्टीलचं भांडं ठेवून बसायचे आणि त्यात थुंकायचे. मी पेज गाळून द्यायची, दूध कोमट करून द्यायची, अर्धी वाटी उतरायला चित्रहाराएवढा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम व्हायचा. वजन उतरलं. त्यात नातेवाइकांचे फोन. कोणी गव्हांकुराचा रस सांगितला, कोणी गोमूत्र, कोणाच्या साडूच्या मामेभावाला नुसत्या हळदीनं बरं वाटलं होतं. मी सगळ्यांना एकच सांगायची: "तुम्हाला झाला की करून बघा." फोन कमी झाले.

मग दिवाळी आली. सुट्टीचे दोन दिवस विभाग बंद राहणार होता. डॉक्टरांनी आधीच तोंड वाकडं केलं होतं, खंड नको होता त्यांना, पण मशीनलाही दिवाळी असते म्हणे. भाऊबीज सुट्टीतच आली.

भाऊबीजेला आम्ही नवराबायको दोन दिशांना जातो. मी माझ्या भावाकडे, हे वन्संकडे, शनिवार पेठेत. वन्सं ह्यांच्याहून बऱ्याच मोठ्या. आई लवकर गेली म्हणून ह्यांना त्यांनीच न्हाऊमाखू घातलेलं, आणि भाऊबीजेच्या सकाळी भावाला पाटावर बसवून तेल-उटणं लावायचं, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं आणि मग ओवाळायचं, हा त्यांचा हक्क. या वयातही. साठी उलटलेला बाप्या टॉवेल लावून पाटावर बसतो आणि त्या त्याची पाठ चोळतात. मी हसायची, पण वन्संसमोर नाही. या वर्षी निघताना मी ह्यांना म्हटलं, "नुसतं ओवाळून घ्या." हे म्हणाले, "मला सांगायची गरज नाही." मला तेवढं पुरलं. ज्या माणसानं आठवडेच्या आठवडे पंखासुद्धा कुशी बघून लावला, त्याला काय सांगायचं, असं मला वाटलं.

संध्याकाळी मी परत आले तेव्हा हे झोपून होते, चादर गळ्यापर्यंत. घरात उटण्याचा वास होता. मला वाटलं, ओवाळताना कपड्यांना लागला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमचं दार लोटलेलं होतं. मी पेजेची वाटी घेऊन गेले तर हे आरशासमोर उघडे उभे. बेसिनच्या कडेवर प्लॅस्टिकचा गुण्या, स्टीलची पट्टी, जांभळं मार्कर पेन, आणि मोबाइल आरशाला टेकवून उभा केलेला. मोबाइलवर ह्यांचाच फोटो, पहिल्या आठवड्यातला, मी काढलेला, रेघांसकट. छातीवरची उभी रेघ काढून झाली होती. आडवी चालली होती. कातडी तेलानं तुकतुकीत, काळवंडलेली, आणि रेडिएशननं भाजलेल्या जागी उटण्यानं खरवडलेली.

मी वाटी खाली ठेवली. ह्यांनीच सांगितलं, पेन हलू न देता. वन्संनी छाती बघितली, "कातडी कशी करपून गेली रे माझ्या राजाची," म्हणून डोळ्यांत पाणी आणलं आणि तेलाचा हात ठेवला. ह्यांना नाही म्हणवेना. दुधात कालवलेलं उटणं, वरून कढत पाणी. पंच्यानं पुसलं तेव्हा काही उरलं नव्हतं. ह्यांनी वन्संना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पेनाच्याच ना? मग काढ की पुन्हा. तुला का रेघा काढायला शिकवायच्या?"

"आणि तुम्हाला ते पटलं," मी म्हटलं.

"फोटोवरून मापं घेतलीयत. स्तनाग्रापासून, गळ्याच्या खड्ड्यापासून. मिलिमीटर चुकणार नाही."

"हा कारखान्यातला पार्ट आहे का?"

"सांगितलं तर पुन्हा स्कॅन, पुन्हा सगळा हिशेब, पुन्हा नंबर. सुट्टीचे दोन दिवस गेलेच आहेत, आणखी चार जातील. खंड पडला की ती वाढते, डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलंय." मग पेनाला टोपण लावत म्हणाले, "आणि ताईचं नाव तिथे निघायला नको."

हे अगदीच खोटं नव्हतं, म्हणून जास्त चीड आली. खंड पडायला नको होता. पण त्या रेघा आरशात बघून काढलेल्या होत्या. आणि दर सोमवारी मशीनवर फोटो काढून जागा तपासायचे ते लोक, म्हणजे तोपर्यंत या रेघांवर रेडिएशन पडत राहणार, गाठीवर की फुप्फुसावर ते देवाला ठाऊक. मी म्हटलं, "तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते." हे म्हणाले, "तू मध्ये पडायचं नाहीस." सिंहगड रस्त्यानं रिक्षात आम्ही तोंडं विरुद्ध दिशांना करून बसलो होतो. ह्यांनी सदऱ्याची वरची गुंडीही लावली होती, जी एरवी कधी लावत नाहीत.

तळघरात अडते आधीच येऊन बसले होते. त्यांच्या नव्या रेघा जागच्या जागी होत्या, त्यांनी सदरा उघडून दाखवल्या. हे म्हणाले, "छान." एवढंच. तितक्यात ह्यांचं नाव पुकारलं. टेक्निशियन दारात होती. हे उठले आणि मला वाटलं, आता सांगतील. दाराशी पोचल्यावर तरी सांगतील. ते तिला "शुभ दीपावली" म्हणाले आणि आत जायला वळले.

मी बसल्या जागेवरून बोलले. उठून जवळ जायचं, कानात सांगायचं, हे सुचायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर तशी इच्छाही नव्हती. "बाई, थांबा. ह्यांच्या छातीवरच्या रेघा पुसल्या गेल्यात. आज दिसतायत त्या ह्यांनी घरी आरशात बघून काढल्यात." वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल एवढा आवाज माझा. रांगेतली सगळी माणसं वळली. नाकात नळी घातलेली एक बाई होती, तिनंसुद्धा मान वर केली.

हे दारात उभे राहिले. माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं ते अडत्यांकडे. अडत्यांनी नजर खाली घातली आणि आपल्या सदऱ्याच्या गुंड्या लावायला लागले.

आत फोटो काढला. मग डॉक्टर खाली आले, वयानं आम्हाला मुलासारखे, पण मुलानं बोलायच्या भाषेत नाही बोलले. "काका, तुमची रेघ एक बोटभर वर आली आहे. उभं राहून काढलीत, इथे तुम्ही आडवे असता. वजन उतरलंय, कातडी सैल झालीये, आडवं झालं की ती सरकते. आज मशीन लावलं असतं तर गाठीचा खालचा भाग सुटला असता. सोमवारपर्यंत रोज सुटला असता." हे ऐकत होते. "आणि ही त्वचा कोणी घासली?" ह्यांनी सदरा अंगावर ओढून घेतला. मी बोलले. वन्संचं नाव निघालं.

पुन्हा स्कॅन झाला, पुन्हा हिशेब झाला, आणि ते होईपर्यंत मधले दिवस रिकामे गेले. त्या दिवसांत मी ह्यांच्या तोंडाकडे बघायची आणि मनात एकच चालायचं: आत ती वाढत असेल. माझ्या बोलण्यानं खंड पडला. न बोलते तर गाठीचा तुकडा रोज सुटला असता. दोन्हीकडून मार होता, आणि मला तो मार वन्संना द्यायचा होता.

त्या आल्याच. डब्यात आल्याची बर्फी घेऊन, ज्या माणसाला पाणी उतरत नाही त्याच्यासाठी. दारातच म्हणाल्या, "अगं, मी काय मुद्दाम केलं? मायेनं केलं."

मी म्हटलं, "मायेनं केलंत म्हणूनच सगळं निघालं, वन्सं. रागानं केलं असतंत तर एखादी रेघ राहिली असती." दार उघडं होतं, पण मी दारातून हलले नाही. त्यांनी डबा चपलांच्या स्टँडवर ठेवला आणि त्या जिना उतरून गेल्या. पंचाहत्तरीची बाई, गुडघे धरून उतरताना दिसत होती मला. मी हाक मारली नाही. आजही मारली असती असं वाटत नाही.

हे आतून सगळं ऐकत होते. त्या दिवशी, की त्याच्या आधी तळघरातच, ह्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. पुन्हा रेडिएशन सुरू झालं, रोज जाणं-येणं सुरू झालं, पण शब्द नाही. गिळताना कळा यायच्या म्हणून बोलत नाहीत, की राग म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता. डॉक्टरांशी बोलायचे, रिक्षावाल्याशी बोलायचे, म्हणजे राग असणार. काही हवं असलं की मला बोटानं दाखवायचे. मीही बोटानं उत्तर द्यायला लागले. पुढे घोटही उतरेना म्हणून नाकातून नळी घातली, तेव्हा मी तिच्यातून दूध, पेज, प्रोटीनची पावडर सोडायची, पिचकारी हळूहळू दाबत, आणि हे छताकडे बघायचे. आम्हा दोघांत त्या नळीएवढाच संबंध उरला होता. मी तो वेळच्या वेळी पाळत होते, एकाही घोटाची चूक न करता, आणि प्रत्येक पिचकारीबरोबर मनात एक शिवी देत होते. ह्यांना, वन्संना, त्या गुण्याला.

अडते एकदा बाकावर माझ्याजवळ येऊन बसले. हे आत होते. म्हणाले, "वहिनी, साहेबांना वाईट वाटलं असंल. पण तुम्ही बोलला ते बरं झालं. आमची असती तर गप ऱ्हायली असती, मानापायी." मी म्हटलं, "मान घशात अडकत नाही, म्हणून त्याचं सगळ्यांना कौतुक." ते हसले नाहीत. मान हलवून आपल्या जागेवर गेले.

रेडिएशन संपलं. लगेच काही कळत नाही, आतली सूज उतरू द्यायची, मग दुर्बीण. ते आठवडे मला आठवतच नाहीत नीट. नळी निघाली, पातळ पदार्थ तोंडानं सुरू झाले, पण आत काय आहे ते कळलेलं नव्हतं. घोट उतरत होता तो गाठ गेली म्हणून, की तिच्या कडेनं वाट झाली म्हणून, हे दुर्बीणच सांगणार होती. एवढ्या दिवसांत ह्यांनी मला दोन शब्द सांगितले होते, "मीठ जास्त," तेही भिंतीकडे बघून.

दुर्बिणीच्या दिवशी मी बाहेर उभी होते. बसवेना. डॉक्टर बाहेर आले आणि या खेपेला त्यांनी आधी ह्यांच्याकडे बघितलं, स्ट्रेचरवर गुंगीत होते तरी. म्हणाले, "गाठ दिसत नाही. जागा स्वच्छ आहे. तुकडे घेतलेत, रिपोर्ट येऊ दे, आणि दर काही महिन्यांनी बघत राहायचं. पण आज चांगलं आहे." मी विचारलं, "खालचा भाग?" ते म्हणाले, "खालचाही." तेव्हा कुठे मी बाकावर बसले, आणि मला कळलं की मी किती घाबरले होते. इतके दिवस मी त्यालाच राग म्हणत होते.

घशाची बधिरता उतरल्यावर आम्ही हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये गेलो. ह्यांनी स्वतः काउंटरवर जाऊन इडली-सांबार आणलं, एक प्लेट. इडली सांबारात पूर्ण बुडवली, चमच्यानं मऊ केली, आणि छोटा घास घेतला. बराच वेळ चावला. गिळला. पुन्हा घेतला. अर्धी प्लेट झाल्यावर चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे सरळ बघितलं, दिवाळीनंतर पहिल्यांदा.

"सगळ्यांसमोर बोलायला नको होतंस," हे म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. "मला आत जाऊ द्यायचं होतंस. मी आत सांगणार होतो."

"सांगणार नव्हता तुम्ही."

ह्यांनी चमचा पुन्हा उचलला.

"आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन," मी म्हटलं. "याहून मोठ्यानं बोलेन. वन्संसमोर बोलेन, तुमच्या सगळ्या..."

ह्यांनी पुढचा घास तोंडात घातला. तो खाली उतरेपर्यंत मी भांडण थांबवलं.